हायड्रोजनला डाव्या कोपऱ्यात का बसवलं?

आवर्तसारणीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हायड्रोजन असतो. त्याच्या खाली लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम आणि फ्रान्सियम. खालचे सगळे धातू, सुरीनं कापता येतील इतके मऊ, पाण्यात टाकले की सळसळणारे किंवा पेट घेणारे. आणि त्यांच्या डोक्यावर रंग नाही, वास नाही असा एक हलका वायू. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हा धडा आला की कुणीतरी विचारतंच, "सर, हा ह्यांच्यात कसा काय?"

ह्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे: हायड्रोजनचे गुणधर्म अल्क धातूंशीही (म्हणजे लिथियमपासूनच्या ह्या खालच्या धातूंशीही) जुळतात आणि हॅलोजनांशीही (फ्लुओरीन, क्लोरीन वगैरे), त्यामुळे त्याला निश्चित स्थान देता येत नाही, तो अपवाद आहे. हे लिहिलं की गुण मिळतात. उत्तर चूकही नाही. पण 'अपवाद' म्हणून टाकलं की मूल विचारायचं थांबतं, आणि हायड्रोजनच्या बाबतीत ते फार मोठं नुकसान आहे. कारण त्याच्या वेगळेपणामागं एकच साधं कारण आहे, आणि ते कळलं की पाण्यापासून ओतीव लोखंडापर्यंत पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी रकान्याबद्दल थोडं. आवर्तसारणीतल्या उभ्या रकान्याला आपण गण म्हणतो. एका गणातल्या मूलद्रव्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी असते, म्हणून त्यांचं रासायनिक वागणंही सारखं असतं. लिथियमची मांडणी २, १. सोडियमची २, ८, १. पोटॅशियमची २, ८, ८, १. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकेक इलेक्ट्रॉन. हायड्रोजनची मांडणी नुसती १. शेवटचा आकडा बघायचा हा नियम धरला तर हायड्रोजन पहिल्या गणातच येतो. तक्ता छापणारे हेच करतात.

शिवाय सूत्रंही जुळतात. सोडियम क्लोराइडमध्ये एका क्लोरीनला एक सोडियम, हायड्रोजन क्लोराइडमध्ये एका क्लोरीनला एक हायड्रोजन. सोडियम ऑक्साइडमध्ये एका ऑक्सिजनला दोन सोडियम, पाण्यात एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन. सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन धन आयन होतो. आम्लातला हायड्रोजनही धन आयन म्हणूनच वावरतो. पाण्याचं विद्युत अपघटन केलं की हायड्रोजन ऋणाग्रावर गोळा होतो, धातू जिथं गोळा होतात तिथंच. १८७१ च्या आपल्या सारणीत मेंडेलीव्ह यांनी हायड्रोजनला पहिल्या गणात, पहिल्या ओळीत एकट्याला बसवलं, ते अशा सूत्रांच्या आधारावर.

पण सूत्र सारखं म्हणजे पदार्थ सारखा असं होत नाही. सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ. ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. हायड्रोजन क्लोराइड हा वायू आहे. तो द्रव करायचा तर उणे ८५ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. मिठात सोडियमनं इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो. हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत हायड्रोजन इलेक्ट्रॉन देत नाही, क्लोरीनबरोबर वाटून घेतो.

तो देत का नाही, हे आकड्यांत बघू. अणूकडून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला जी ऊर्जा खर्च होते तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. एक मोल अणूंसाठी (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरलेलं माप) सोडियमला ती ४९६ किलोज्यूल लागते, लिथियमला ५२०, पोटॅशियमला ४१९. हायड्रोजनला लागतात १३१२. सोडियमच्या अडीचपटीहून जास्त. क्लोरीन हा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा म्हणून प्रसिद्ध, पण त्याला १२५१ च लागतात. म्हणजे क्लोरीनकडून इलेक्ट्रॉन काढण्यापेक्षा हायड्रोजनकडून काढणं अवघड आहे! ऑक्सिजनचा आकडा १३१४, हायड्रोजनच्या जवळजवळ बरोबरीचा. अल्क धातूंची ओळखच मुळी बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकण्यात आहे. ती कसोटी लावली तर हायड्रोजन पहिल्या गणात एक दिवसही टिकणार नाही.

मग त्याला उजवीकडे, फ्लुओरीनच्या डोक्यावर बसवला तर?

ही कल्पना मेंडेलीव्हच्याही आधीची आहे. दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं असं सांगणारी न्यूलँड्स यांची अष्टकं १८६५ ची. शाळेच्या पुस्तकांत ती सा रे ग म प ध नी अशा मथळ्यांखाली छापलेली असतात. मुलं गंमत म्हणून तो तक्ता बघतात आणि पान उलटतात, पण त्यातला 'सा'चा रकाना थांबून वाचण्यासारखा आहे: हायड्रोजन, मग फ्लुओरीन, मग क्लोरीन. राजवायू (हेलियम, निऑन, आर्गॉन वगैरे) तेव्हा कुणाला माहीतच नव्हते, त्यामुळे हायड्रोजनपासून मोजत गेलं की आठवं मूलद्रव्य फ्लुओरीन यायचं. पुढं कोबाल्ट-निकेलपाशी हा सूर बिघडतो, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की हायड्रोजन हॅलोजनांचा सोबती आहे, ही शंका त्या काळापासूनची आहे.

हॅलोजनांच्या बाजूचा पुरावा माझ्या मते पहिल्या गणापेक्षा जास्त रंगतदार आहे. हायड्रोजन अधातू आहे, हॅलोजनही अधातू. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, फ्लुओरीन-क्लोरीनचाही दोन अणूंचा. हॅलोजनांचं बाहेरचं कवच भरायला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. हायड्रोजनचं पहिलं कवच दोनाचंच, म्हणजे त्यालाही एकच कमी. मिथेनमध्ये कार्बनला चार हायड्रोजन असतात, कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये त्याच चार जागी चार क्लोरीन. सोडियम तिथं असा सरळ जाऊन बसत नाही.

आणि सगळ्यांत ठोस पुरावा म्हणजे हायड्राइड. तापवलेल्या सोडियमवरून हायड्रोजन वायू सोडला की सोडियम हायड्राइड तयार होतं. त्यात सोडियम इलेक्ट्रॉन देतो आणि हायड्रोजन घेतो. हायड्रोजन चक्क ऋण आयन होतो. ह्या क्षाराच्या स्फटिकाची रचना मिठाच्या स्फटिकासारखीच असते, क्लोराइडच्या जागी हायड्राइड. अशा क्षारांत हायड्राइड आयनाचा आकार साधारण फ्लुओराइड आयनाएवढा भरतो. लिथियम हायड्राइड वितळवून त्यातून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रावर बाहेर पडतो. पाण्याच्या प्रयोगात जो ऋणाग्रावर दिसला तोच वायू इथं विरुद्ध टोकाला! वर्गात हा प्रयोग करता येत नाही, कारण लिथियम हायड्राइड ६८९ अंशांना वितळतं आणि ओलाव्याशी जोरात अभिक्रिया करतं. पण नुसतं सांगितलं तरी मुलं डोळे मोठे करून ऐकतात.

अंकगणिताचाही एक पुरावा आहे. डोबेरायनरची त्रिकं सगळ्यांना आठवत असतील: तीन सारख्या मूलद्रव्यांपैकी मधल्याचं अणुवस्तुमान बाकी दोघांच्या सरासरीइतकं. अणुवस्तुमानाऐवजी अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, घेऊन बघा. लिथियम ३, सोडियम ११, पोटॅशियम १९. तीन आणि एकोणीस बावीस, निम्मे अकरा. जुळलं. आता हायड्रोजन १, लिथियम ३, सोडियम ११. एक आणि अकरा बारा, निम्मे सहा. पण लिथियम तर तीन. जुळत नाही. हायड्रोजन १, फ्लुओरीन ९, क्लोरीन १७ घेतले तर? एक आणि सतरा अठरा, निम्मे नऊ. बरोबर जुळलं. रसायनशास्त्राच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारे एरिक स्केरी यांनी ह्याच हिशेबावरून हायड्रोजनला हॅलोजनांबरोबर ठेवण्याची बाजू मांडली होती. हिशेब देखणा आहे, पण माझं मन त्यावर बसत नाही. ही जुळणी सारणीच्या ओळींच्या लांबीतून येते. हायड्रोजन प्रत्यक्षात कसा वागतो त्याबद्दल ती काही सांगत नाही.

वागण्याकडे बघितलं तर हॅलोजनांच्या घरीही अडचण आहेच. एक इलेक्ट्रॉन घेताना फ्लुओरीन मोलमागं ३२८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर टाकतो, क्लोरीन ३४९. हायड्रोजन टाकतो फक्त ७३. हा आकडा कुणाच्या शेजारचा आहे? लिथियम ६०, सोडियम ५३. म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायच्या बाबतीत हायड्रोजन अधातूंसारखा घट्ट मुठीचा, आणि घ्यायच्या बाबतीत अल्क धातूंसारखा थंड. क्लोराइड आयन पाण्यात वर्षानुवर्षं सुखानं राहतो. समुद्र त्यानं भरलेला आहे. हायड्राइड आयन पाण्यात पडला की क्षणात पाण्यातल्या हायड्रोजनशी जुळून वायू होऊन निघून जातो. इलेक्ट्रॉन घेतला तरी तो धरून ठेवायची त्याला ओढ नाही.

आता मूळ कारणाकडे. लिथियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन गेला तरी आत दोन इलेक्ट्रॉन उरतात. सोडियमचा गेला तर दहा उरतात. हे आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाचा धन प्रभार बऱ्यापैकी झाकतात. त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असतो, आणि तो गेल्यावर उरलेला आयनही नीट कवच पांघरलेला असतो. हायड्रोजनला आतलं कवचच नाही. त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या थेट समोर असतो, मध्ये आडोसा कुणाचाच नाही. म्हणून तो काढणं इतकं जड जातं. आणि काढलाच, तर मागं उरतो नुसता प्रोटॉन, उघडं केंद्रक. त्याची त्रिज्या एवढी छोटी की सोडियम आयनाची त्रिज्या तिच्या सुमारे सव्वा लाख पट भरते. एवढ्या लहान जागी एकवटलेला धन प्रभार मोकळा राहूच शकत नाही. पाण्यात तो तत्काळ पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि हायड्रोनियम होतो. ह्या चिकटण्यात आणि भोवती पाणी गोळा होण्यात मोलमागं सुमारे ११०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. सोडियम आयनाच्या बाबतीत ती सुमारे ४०० असते. हायड्रोजन क्लोराइड कोरडा असताना आयन होत नाही आणि पाण्यात गेला की होतो, तो ह्या सुटणाऱ्या ऊर्जेच्या जोरावर.

हॅलोजनांच्या बाजूनंही हेच कारण लागू पडतं. फ्लुओरीनच्या केंद्रकात नऊ प्रोटॉन आहेत, नवा इलेक्ट्रॉन ओढून धरायला त्यांचा जोर पुरतो. हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन. दोन इलेक्ट्रॉन सांभाळायचे आणि प्रोटॉन एक, म्हणून हायड्राइड आयन फुगीर आणि अस्थिर. दोन्ही गणांत तो न बसण्याचं कारण एकच आहे: गण ही कल्पना 'आतला गाभा आणि बाहेरचं कवच' अशा अणूंवर उभी आहे, आणि हायड्रोजनला गाभा नाही.

ह्या गाभा नसण्याचे परिणाम आपण रोज बघतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. दुसऱ्या कुठल्याही अणूकडे अशा वेळी आतले इलेक्ट्रॉन झाकण म्हणून असतात. हायड्रोजनकडे नसतात, त्यामुळे त्याचं केंद्रक एका बाजूनं जवळजवळ उघडं पडतं आणि शेजारच्या पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनला खेचतं. हाच हायड्रोजन बंध. तो नसता तर पाणी खोलीच्या तापमानाला वायू असतं. गंधक ऑक्सिजनच्याच गणातला, त्याचं हायड्रोजनबरोबरचं संयुग म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड, तरी ते उणे ६० अंशांनाच उकळतं. पाणी १०० अंशांना. बर्फ पाण्यावर तरंगतो, तोही ह्याच बंधांच्या पोकळ जाळीमुळं. लिथियम किंवा फ्लुओरीन ह्यांच्यापैकी कुणालाही पाण्यातली ही जागा घेता येणार नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांचं फाउंड्रीत काम आहे त्यांना हायड्रोजन दुसऱ्या रूपात भेटतो. वाळूच्या साच्यात ओल राहिली, भट्टीत ओलं भंगार पडलं, की ते पाणी तापलेल्या धातूला भिडतं. धातू पाण्यातला ऑक्सिजन पकडतो आणि हायड्रोजन सुटा होतो. सुटा हायड्रोजन अणू एवढा लहान की वितळलेल्या धातूत तो सहज मुरतो. ॲल्युमिनियममध्ये हे फार ठळक दिसतं: घट्ट झालेल्या ॲल्युमिनियममध्ये वितळलेल्याच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढाच हायड्रोजन मावतो. ओतलेला धातू थिजू लागला की बाकीचा हायड्रोजन बाहेर पडायला बघतो, अणू जोडीनं एकत्र येऊन वायू होतो आणि तिथंच बुडबुडा अडकतो. मशीनिंगला घेतल्यावर पिनहोल दिसतात आणि जॉब रिजेक्ट होतो. ओतण्याआधी ॲल्युमिनियममधून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात ते हा हायड्रोजन काढून टाकायलाच. आवर्तसारणीतला कोपरा आणि कास्टिंगमधलं छिद्र ह्यांचा संबंध इतका जवळचा आहे, आणि ज्या मुलांचे वडील ह्या कामात आहेत त्यांना तो वर्गात सांगायलाच हवा असं मला वाटतं.

हायड्रोजनचा प्रश्न खरा समजायचा असेल तर त्याच्या ओळीतला दुसरा रहिवासी बघावा लागतो, हेलियम. आणि हेलियमची गोष्ट आपल्या भागातून जाते.

अथणीहून कृष्णा ओलांडली की जमखंडी. आज बागलकोट जिल्ह्यात, तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा ह्या भागावरून गेला. लेफ्टनंट जॉन हर्शेल रॉयल सोसायटीसाठी निरीक्षण करायला जमखंडीत आले होते. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. ऑगस्टचा महिना, ढगांची ये-जा चाललेली. खग्रास अवस्थेत सूर्याच्या कडेवर ज्या लाल ज्वाळा दिसतात त्या कशाच्या आहेत, हे वर्णपटदर्शीतून (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून) बघायचं होतं. ढगांच्या फटीतून त्यांना सलग पट्टा दिसला नाही, तेजस्वी सुट्या रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. सुट्या रेषा म्हणजे तापलेला वायू. गुंटूरला पिएर झान्सेन यांनीही त्याच ग्रहणात ह्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा टिपल्या.

तांबडी आणि निळी रेषा हायड्रोजनची. नारिंगी रेषा हर्शेलना सोडियमच्या 'डी' रेषेच्या जागी वाटली. तसं वाटणं साहजिक होतं. सोडियमच्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास आहेत आणि ही ५८७.६ वर. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसताना ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि ही रेषा सोडियमच्या रेषेहून जरा बाजूला आहे हे दाखवलं. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची ती नव्हती. तिच्या मालकाला पुढं हेलियम नाव मिळालं. म्हणजे विश्वात सर्वांत विपुल असलेली दोन मूलद्रव्यं, सारणीच्या पहिल्या ओळीतली दोन्ही, त्या दिवशी जमखंडीच्या आकाशात एकाच दुर्बिणीतून दिसली. आणि मेंडेलीव्हची पहिली सारणी आली ती पुढच्याच वर्षी, १८६९ ला.

हेलियम पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅमझी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू मिळवला. आदल्याच वर्षी रॅले आणि रॅमझी यांना आर्गॉन सापडला होता. दोन्ही वायू कशाशीच अभिक्रिया करीत नव्हते, म्हणून दोघांना एका गणात टाकलं. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. म्हणजे हेलियमची जागा ठरायला लागली तेव्हा कवचं आणि त्यातली संख्या ही भाषाच नव्हती. तो वागतो कसा एवढंच बघितलं गेलं.

आता हायड्रोजनला लावलेला नियम हेलियमला लावून बघा. हेलियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन. बेरिलियमच्या बाहेरच्या कवचात दोन, मॅग्नेशियमच्या दोन, कॅल्शियमच्या दोन. शेवटचा आकडा बघायचा असेल तर हेलियम दुसऱ्या गणात, बेरिलियमच्या डोक्यावर हवा. फ्रान्सचे चार्ल्स जॅनेट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मांडणीत तो तसाच आहे. पण आपण त्याला उजव्या टोकाला निऑनवर ठेवतो, कारण पहिलं कवच दोनातच भरतं आणि हेलियम कुणाशी संयोग पावत नाही. हायड्रोजन मात्र इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून डावीकडे. एकाच ओळीत दोनच मूलद्रव्यं, आणि दोघांना जागा देताना दोन वेगळे नियम वापरले! मला वाटतं पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट उघडपणे सांगावी. दहावीच्या मुलाला ती समजते, आणि सारणी माणसांनी विचार करून, निवड करून मांडलेली आहे हे त्याला दिसतं.

बाकीचे प्रस्ताव थोडक्यात. मार्शल क्रोनिन यांनी २००३ साली हायड्रोजन कार्बनच्या वर हवा असं मांडलं. कार्बनच्या कवचात आठापैकी चार इलेक्ट्रॉन, हायड्रोजनच्या दोनापैकी एक. दोघांचंही कवच अर्धं भरलेलं. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद, कार्बनची २.५५, हायड्रोजनची २.२०, म्हणजे जवळचीच, लिथियमची ०.९८ आणि फ्लुओरीनची ३.९८ ह्यांच्या मधोमध. दोघांनाही इलेक्ट्रॉन वाटून घेणं आवडतं. हे सगळं खरं, पण कार्बन चार बंध करतो आणि हायड्रोजन एक. त्याच वर्षी हर्बर्ट केझ आणि पीटर ॲटकिन्स यांनी सुचवलं की हायड्रोजनला कुठल्याच गणात न घालता सारणीच्या वर मधोमध एकटा ठेवावा. प्रामाणिक तोडगा आहे. पण असा अधांतरी ठेवलेला हायड्रोजन बघून मुलाला त्याच्या एका इलेक्ट्रॉनचा पत्ता लागणार नाही, म्हणून शाळेच्या भिंतीवर मला तो नको वाटतो. काही तक्त्यांत हायड्रोजन दोन ठिकाणी छापतात; त्यानं मुलं दोन हायड्रोजन समजतात.

रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, आययूपीएसी, आपल्या तक्त्यात हायड्रोजन पहिल्या रकान्यात छापते, पण अल्क धातूंच्या यादीत त्याला घेत नाही. ती यादी लिथियमपासून सुरू होते. रकाना पहिला, कूळ वेगळं. चांगल्या तक्त्यांत म्हणूनच हायड्रोजनच्या चौकटीचा रंग खालच्या सहा धातूंपेक्षा निराळा असतो. जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात आपण एकच भाषा लिहितो. घरी मराठी, बाजारात कन्नड, दवाखान्यात हिंदी बोलणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही तिथं एकच लिहावी लागते, आणि येणाऱ्या इतर भाषांसाठी पुढं वेगळा रकाना असतो. आवर्तसारणीत तसा दुसरा रकाना नाही. चौकट एक, जागा एक. त्यामुळे जागा देताना इलेक्ट्रॉनांची मांडणी ही एकच नोंद धरली, आणि बाकीची ओळख शिकवणाऱ्याच्या तोंडी सोडली. हायड्रोजनला डावीकडे ठेवायला माझी हरकत नाही ती एवढ्याच अर्थानं.

एक प्रश्न हुशार मुलांकडून हमखास येतो. गुरूच्या पोटात हायड्रोजन धातू होतो असं वाचलंय, मग तो अल्क धातूच झाला ना? युजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये भाकीत केलं होतं की पुरेसा दाब दिला तर हायड्रोजनचे रेणू मोडून अणू धातूसारखे रचले जातील. त्यांनी अंदाजलेला दाब वातावरणाच्या सुमारे अडीच लाख पट. प्रत्यक्षात घनरूप हायड्रोजनला त्याहून खूप जास्त, चाळीस लाख पटींच्या पुढं जावं लागतं असं आता प्रयोगांवरून दिसतं. द्रवरूपात मात्र १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत, वातावरणाच्या सुमारे चौदा लाख पट दाबाच्या आघातात, तापलेला हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक झालेला मोजला गेला. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र ह्याच वीजवाहक हायड्रोजनमधून निर्माण होतं असं मानतात.

तरीही ह्यावरून त्याची जागा पक्की होत नाही. दाब पुरेसा वाढवला की आयोडीन धातू होतो, ऑक्सिजन होतो, झेनॉनसारखा राजवायूसुद्धा होतो. आयोडीन त्यामुळे हॅलोजन असायचा थांबत नाही, आणि झेनॉनला अठराव्या गणातून हलवा असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.